मिसहॅप, मिसफॉर्च्यून, ॲडव्हर्सिटी, हार्डशिप: संकटाच्या इंग्रजी शब्दांतील अर्थच्छटा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. शिष्यवृत्तीच्या इंग्रजी अर्जात आपण ‘आय फेस्ड मेनी मिसहॅप्स इन माय चाइल्डहुड’ असे वाक्य लिहिले. सांगायचे होते ते हे, की नवव्या वर्षी वडील गेले, आईने मिळेल ते काम करून घर चालवले आणि त्या काळात आपली शाळा दोनदा सुटली. अर्ज वाचून देणाऱ्याने ‘मिसहॅप्स’ या शब्दाखाली रेघ मारली, पण कारण सांगितले नाही. कोशात पाहिले तर मिसहॅप, मिसचान्स, मिसफॉर्च्यून, ॲडव्हर्सिटी, हार्डशिप या सर्वांपुढे संकट, दुर्दैव, आपत्ती हेच शब्द फिरून फिरून आले. मग चूक कोणती, आणि या शब्दांत फरक तरी कोणता?

अनेक वर्षे इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत अनुवाद करताना, आणि त्याहूनही अधिक इतरांचे अनुवाद तपासताना, या शब्दांपाशी मी वारंवार थांबलो आहे. कोशाने आपल्याला फसवलेले नाही. कोश शब्दाचा शेजार दाखवतो, पण त्या शेजारातले कोणते घर मोठे, कोणते लहान, कोणाचे दार कोणाला उघडे, हे दाखवायला त्याच्यापाशी जागा नसते. शिवाय आपला ‘संकट’ हा शब्द फार ऐसपैस आहे. संकट येते, कोसळते, ओढवते, तेव्हा ती घटना असते. माणूस संकटात असतो, संकटातून जातो, तेव्हा ती अवस्था असते. मराठीत दोन्हींना एकच शब्द पुरतो. इंग्रजीत मात्र घटनेचे शब्द वेगळे आणि अवस्थेचे शब्द वेगळे आहेत, आणि आपल्या वाक्यातली पहिली चूक इथेच झाली आहे: जो काळ काढला, त्याला आपण घडून गेलेल्या घटनेचे नाव दिले.

‘मिसहॅप’ हा शब्द नेहमी घटनेचाच. त्यातला ‘हॅप’ हा मूळ नॉर्स भाषेतून आलेला जुना शब्द. त्याचा अर्थ नशीब, योगायोग, बहुधा चांगला योग. हॅपन, हॅपी, परहॅप्स, हॅपलेस ही सारी त्याच कुळातली मंडळी. तेव्हा मिसहॅप म्हणजे जे घडायचे ते जरा वाकडे घडले. आजच्या वापरात या शब्दाचे वजन फार हलके आहे. चहा सांडला, सामान चुकीच्या गाडीत चढले, स्वयंपाक करताना हात किंचित भाजला, भाषणाच्या ऐन वेळी ध्वनिक्षेपक बंद पडला, हे मिसहॅप. नंतर सांगताना ज्याचा किस्सा होऊ शकतो, अशा प्रकारची ही घटना असते. ‘वुई रीच्ड होम विदाउट मिसहॅप’ म्हणजे आम्ही सुखरूप, निर्विघ्नपणे घरी पोहोचलो. आणि इथे ‘विघ्न’ हा आपला शब्द त्याला कोणत्याही ‘दुर्दैवा’पेक्षा अधिक शोभतो. म्हणूनच वडिलांच्या मृत्यूनंतरच्या वर्षांना मिसहॅप म्हटले, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सायकलवरून पडणारे मूल येते.

या हलकेपणाला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो माहीत नसला की अनुवादात मोठी गफलत होते. अमेरिकेच्या सैन्यदलांत आणि ‘नासा’मध्ये मिसहॅप ही अधिकृत, पारिभाषिक संज्ञा आहे. तिथे माणसे मरण पावलेली विमान दुर्घटनासुद्धा कागदोपत्री मिसहॅपच असते, आणि हानीच्या प्रमाणानुसार तिचे वर्ग पाडलेले असतात. मंगळाकडे पाठवलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये नष्ट झाले. एका संगणक प्रणालीने आकडे पौंड-बल-सेकंदांत दिले आणि दुसरीने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. त्या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या मंडळाच्या नावातच मिसहॅप हा शब्द होता. अशा अहवालाचा अनुवाद करताना ‘किरकोळ अपघात’ लिहिणे म्हणजे मूळ लेखकाच्या तोंडी भलतीच बेफिकिरी घालणे होय. तिथे ‘दुर्घटना’ हाच शब्द हवा.

‘मिसचान्स’विषयी थोडक्यात सांगतो, कारण आज तो क्वचितच वापरला जातो. चान्स या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘पडणे’ या अर्थाचा धातू आहे आणि जुन्या फ्रेंचमध्ये फाशांच्या खेळाशी त्याचा संबंध होता. मराठीत ‘दान पडणे’ म्हणतात ते अगदी तेच. मिसचान्स म्हणजे दान उलटे पडणे. पत्र नेमके चुकीच्या माणसाच्या हाती लागले, दोघे एकमेकांना शोधत वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडले, अशा निव्वळ योगायोगाच्या अनिष्टासाठी ‘बाय मिसचान्स’ हा प्रयोग शोभतो. मात्र तो जुन्या गद्याची चाल घेऊन येतो. अर्जात, अहवालात किंवा बातमीत तो परका दिसेल. ॲक्सिडेंट हा शब्दही त्याच धातूपासून आला आहे, आणि ‘आपत्ती’तल्या ‘पद्’ या आपल्या धातूतही पडण्याचा अर्थ आहे, हे जाता जाता लक्षात घेण्यासारखे आहे. वरून काहीतरी अंगावर येऊन पडते, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच सुचलेली दिसते.

‘मिसफॉर्च्यून’ हा या सर्वांत ऐसपैस शब्द. तो घटनाही असू शकतो आणि अवस्थाही. एका दुर्घटनेलाही मिसफॉर्च्यून म्हणतात आणि माणसाच्या एकूण फिरलेल्या दिवसांनाही. व्याकरणाने तो दोन्ही रीतींनी चालतो, ‘अ मिसफॉर्च्यून’ असा एक म्हणून आणि नुसता ‘मिसफॉर्च्यून’ असा अगणनीय म्हणूनही. त्याचे वजनही ठरलेले नाही. ‘आय हॅड द मिसफॉर्च्यून टू सिट नेक्स्ट टू हिम’ यात तो केवळ कुरकुर आहे, आणि एखाद्या कुटुंबात लागोपाठ मृत्यू झाले तर तिथेही तोच शब्द गंभीरपणे येतो. त्यातली फॉर्च्यून ही मुळात रोमन देवता, फॉर्च्यूना. मध्ययुगीन युरोपातल्या चित्रांत ती एक मोठे चाक फिरवताना दिसते. चाकावर चढलेला राजा अर्ध्या फेऱ्यात खाली येतो. आपल्याकडच्या रहाटगाडग्याच्या प्रतिमेची आठवण व्हावी असेच ते चित्र आहे.

तरीही ‘मिसफॉर्च्यून’ म्हणजे ‘दुर्दैव’ एवढ्यावर मी कधी समाधानी राहिलेलो नाही. दुर्दैवातले ‘दैव’ मराठी मनात एकटे येत नाही. त्याच्या मागे प्रारब्ध, संचित, भोग हे शब्द उभे असतात, आणि त्यांच्यामागे एक हिशेबाची वही असते: कुठल्या तरी केलेल्याचे हे फळ असावे, अशी सूचना. इंग्रजी फॉर्च्यून आंधळी आहे. तिच्या चाकाला वर बसलेल्याचे पुण्य दिसत नाही आणि खाली आलेल्याचे पापही दिसत नाही. त्यामुळे इंग्रजीत एखाद्याला ‘मिसफॉर्च्यून’ आले म्हटले की त्या माणसाकडे कसलाही दोष जात नाही; उलट तो निर्दोष आहे असेच त्या शब्दाने सुचवले जाते. मराठीत ‘त्याच्या नशिबाचे भोग’ म्हटले, तर सहानुभूती असूनही त्यात एक न्यायनिवाडा मिसळतो. इंग्रजीतून मराठीत येताना अशा ठिकाणी मी ‘दिवस फिरले’, ‘वाईट वेळ आली’ किंवा सरळ ‘आघात झाला’ असे म्हणणे पसंत करतो.

या शब्दांचा खरा कस इथेच लागतो. संकटाला जे नाव द्यावे, त्या नावातच त्याचे कारण कोण याचे उत्तर दडलेले असते. एकदा माझ्याकडे एका कामाच्या ठिकाणी झालेल्या मृत्यूंविषयीचे इंग्रजी निवेदन अनुवादासाठी आले होते. त्यात आरंभापासून अखेरपर्यंत ‘अनफॉर्च्युनेट इन्सिडेंट’ हा शब्दप्रयोग होता. मी तो ‘दुर्दैवी घटना’ असा मराठीत आणला, कारण मूळ निवेदनाचा तोच सूर होता आणि सूर बदलणे हा माझा अधिकार नव्हता. पण त्याच प्रकरणावरचा दुसरा कागद, ज्यात सुरक्षेची साधने दिली नव्हती असे स्पष्ट लिहिले होते, तोही पुढे माझ्याकडे आला, आणि त्यात ‘अनफॉर्च्युनेट’ हा शब्द एकदाही नव्हता. तिथे ‘फेल्युअर’ हा शब्द होता. माझ्या सहकाऱ्याने सवयीने तिथेही ‘दुर्दैवी घटना’ असेच लिहिले होते. मी ते खोडून ‘हलगर्जीपणामुळे झालेले मृत्यू’ असे केले. एकाच प्रसंगाविषयी दोन कागद दोन वेगळी विधाने करत होते, आणि सवयीच्या शब्दाने दुसऱ्या कागदाचे म्हणणेच पुसून टाकले असते.

याच कारणाने ‘ॲक्सिडेंट’ या साध्या शब्दावरही इंग्रजीत मोठी चर्चा झाली आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २००१ मध्ये आपल्या लेखांतून हा शब्द वगळण्याचे ठरवले; बहुतेक इजा आणि त्यांना कारण होणाऱ्या घटना टाळता येण्याजोग्या असतात, आणि ॲक्सिडेंट म्हटले की त्या अटळ आणि अकल्पित वाटतात, असा त्यामागचा विचार होता. दुसऱ्या टोकाला ‘मिसॲडव्हेंचर’ हा शब्द पाहा. एरवी तो धाडसात झालेल्या फजितीचा. पण इंग्लंड आणि वेल्समधील कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, आपल्या निष्कर्षात तो वापरतो तेव्हा त्याला नेमका कायदेशीर अर्थ असतो: माणसाने स्वतःहून पत्करलेल्या जोखमीतून हेतू नसताना मृत्यू आला. वृत्तपत्रातील ‘डेथ बाय मिसॲडव्हेंचर’ याचे भाषांतर ‘साहसामुळे मृत्यू’ असे केलेले मी वाचले आहे. साहस हा शब्द तिथे गौरव करतो, आणि मूळ शब्दाला गौरव करायचा नाही, निंदाही करायची नाही.

आता ‘ॲडव्हर्सिटी’, जो बहुधा आपल्याला हवा होता. लॅटिनमध्ये याच्या मुळाशी ‘कडे वळणे’ असा धातू आहे. जे आपल्याविरुद्ध वळले, समोर उभे ठाकले, ते ॲडव्हर्स. ॲडव्हर्सरी म्हणजे प्रतिस्पर्धी, तोही याच घरातला. मराठीत याला ‘प्रतिकूलता’ हा जो प्रतिशब्द रूढ आहे, तो मला सर्व प्रतिशब्दांत सर्वांत नेमका वाटतो. कूल म्हणजे नदीचा काठ. प्रतिकूल म्हणजे काठाच्या उलट, प्रवाहाशी विरोधात. दोन्ही शब्दांत दिशेची कल्पना आहे आणि दोन्हींत माणूस कुठेतरी जायला निघालेला आहे. म्हणून ॲडव्हर्सिटी ही घटना होत नाही; ती परिस्थिती आहे, दीर्घ काळ टिकणारी, आणि तिला तोंड देणारा कोणीतरी त्या शब्दात गृहीत धरलेला असतो. तिच्याबरोबर येणारी क्रियापदेच पाहा: फेस, ओव्हरकम, ट्रायम्फ ओव्हर. ‘इन द फेस ऑफ ॲडव्हर्सिटी’ हा तर ठरलेला वाक्प्रचार. मिसफॉर्च्यून भोगायचे असते, ॲडव्हर्सिटीशी झुंजायचे असते.

व्याकरणात हा शब्द सहसा अगणनीय राहतो. ‘मेनी ॲडव्हर्सिटीज’ असे लिहिलेले आढळते आणि कोश ते अगदीच अमान्य करत नाहीत, पण सराईत लेखक ‘मच ॲडव्हर्सिटी’, ‘ग्रेट ॲडव्हर्सिटी’ असेच लिहील. पीटर मार्क रॉजे यांनी १८५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या समानार्थी शब्दांच्या कोशात शब्दांची मांडणी अर्थांच्या जोड्यांनी केली, आणि तिथे ॲडव्हर्सिटी ही प्रॉस्पेरिटीच्या जोडीला आली. ती जोडी बोलकी आहे. प्रॉस्पेरिटी म्हणजे एक लॉटरी नव्हे, तर भरभराटीचा काळ. तसेच ॲडव्हर्सिटी म्हणजे एक धक्का नव्हे, तर ओहोटीचा काळ.

बालपणाच्या संदर्भात या शब्दाला अलीकडे आणखी एक पारिभाषिक अर्थ मिळाला आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ९,५०८ प्रौढांना त्यांच्या बालपणीच्या ‘ॲडव्हर्स’ अनुभवांविषयी विचारले होते: मारहाण, लैंगिक अत्याचार, मानसिक छळ, आईवर होणारी हिंसा, घरात व्यसन, मनोविकार किंवा तुरुंगवास. संशोधकांनी त्यांना ‘अनफॉर्च्युनेट’ म्हटले नाही याकडे मी विद्यार्थ्यांचे लक्ष वेधत असतो. त्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी नशिबाने होत नाहीत, कोणीतरी करते. तेव्हापासून ‘चाइल्डहुड ॲडव्हर्सिटी’ म्हटले की आरोग्य किंवा समाजकार्याच्या क्षेत्रातला वाचक आधी या प्रकारच्या अनुभवांचा विचार करतो. आपल्या अर्जाचा वाचक त्या क्षेत्रातला असेल, तर हा शब्द वापरताना ते ध्यानात ठेवावे. आणि ‘ॲव्हर्स’ हा त्याच्यासारखा दिसणारा शब्द वेगळा आहे. तो माणसाला लागतो, त्याचा अर्थ नापसंती असलेला, विमुख. परिस्थिती ॲडव्हर्स असते, माणूस ॲव्हर्स असतो.

‘हार्डशिप’ हा शब्द पूर्णपणे अवस्थेचा. त्यातला ‘शिप’ हा फ्रेंडशिपमध्ये असतो तोच, अवस्था दाखवणारा प्रत्यय. हार्डशिपमध्ये काहीतरी कमी पडत असते: पैसा, अन्न, निवारा, झोप, ऊब. हालअपेष्टा, ओढाताण, खडतर जीवन हे मराठी शब्द त्याला जवळचे. हा शब्द नशिबाविषयी किंवा दोषाविषयी काहीही विचारत नाही, आणि म्हणूनच प्रशासनाला तो फार सोयीचा वाटतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या नोकरवर्गाला खडतर ठिकाणी काम केल्याबद्दल मिळणारा भत्ता ‘हार्डशिप अलाउन्स’ म्हणून ओळखला जातो, आणि त्यासाठी ठिकाणांची ‘ए’ ते ‘ई’ अशी चढत्या खडतरतेची प्रतवारी केलेली असते. कर्जाचा हप्ता पुढे ढकलण्याच्या अर्जात ‘फायनान्शियल हार्डशिप’ येते, तेही असेच: का झाले ते बाजूला ठेवा, सध्या भागत नाही एवढे सिद्ध करा.

मराठी भाषकांचा पाय इथे एका विशिष्ट खड्ड्यात जातो, आणि तो खड्डा ‘कष्ट’ या शब्दाने खणलेला आहे. मराठीत कष्ट म्हणजे त्रास, आणि कष्ट म्हणजे मेहनतही. कष्टाळू मूल, कष्टकरी माणूस, कष्टाची भाकरी यांतले कष्ट अभिमानाचे आहेत. इंग्रजीत हे दोन अर्थ एकत्र नांदत नाहीत. ‘माय मदर डिड अ लॉट ऑफ हार्डशिप फॉर अस’ असे वाक्य मी कितीतरी अर्जांत वाचले आहे, आणि दरवेळी त्या लिहिणाऱ्याच्या आईबद्दल मनात आदर दाटून येतो, पण वाक्य चुकीचेच राहते. हार्डशिप करायची नसते, ती सोसायची असते: एन्ड्युअर, सफर. जे केले ते हार्ड वर्क. आईने दोन्ही केले असेल तर दोन्ही लिहावे लागेल: ती किती राबली हे एका वाक्यात, घरात काय कमी होते हे दुसऱ्यात.

मोठ्या अनर्थांचे शब्द आपल्या प्रश्नाच्या कडेला आहेत, म्हणून त्यांच्याकडे ओझरते पाहू. ‘डिझास्टर’ या शब्दात तारा लपलेला आहे. इटालियन आणि फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला, तेव्हा ग्रह फिरल्याची कल्पना त्यात होती. साडेसाती हा आपला शब्द त्याचा मानलेला भाऊ. फरक एवढाच की साडेसातीतला शनी अजून सर्वांना दिसतो, डिझास्टरमधला तारा आज कोणत्याही इंग्रज वाचकाला दिसत नाही. ‘कटॅस्ट्रॉफी’ ग्रीक नाटकातून आली. तिचा मूळ अर्थ उलथापालथ, कथानकाला शेवटी मिळणारे वळण. त्यामुळे जिच्यानंतर पहिल्यासारखे काहीच उरत नाही, अशा अनर्थालाच हा शब्द साजतो. ‘कलॅमिटी’त सार्वजनिक शोकाचा सूर आहे, गावावर, प्रजेवर आलेले अरिष्ट. रोजच्या बोलण्यात मात्र डिझास्टरची किंमत उतरली आहे, आणि बिघडलेल्या केकलाही इंग्रज माणूस सहज डिझास्टर म्हणतो. अनुवादात तिथे आपत्ती न आणता ‘पार फसला’ म्हणावे.

ज्यांत सोसण्याला एक आध्यात्मिक किंवा कसोटीचा अर्थ आहे, त्या शब्दांपाशी मला थोडे अधिक रेंगाळावेसे वाटते. ‘ट्रिब्युलेशन’च्या मुळाशी ‘ट्रिब्युलम’ हे रोमन शेतीचे अवजार आहे: खाली गारगोटीचे किंवा लोखंडाचे दाते बसवलेली जड फळी, जी धान्याच्या कणसांवरून ओढत नेत. म्हणजे ट्रिब्युलेशन ही मुळात माणसाची मळणी. ख्रिस्ती लेखकांनी ही प्रतिमा उचलली, कारण मळणीनंतर दाणा वेगळा होतो. आजही हा शब्द धार्मिक वळणाच्या मजकुराबाहेर एकटा क्वचितच दिसतो. ‘ट्रायल्स अँड ट्रिब्युलेशन्स’ अशा जोडगोळीतच तो टिकून आहे, आणि ती जोडगोळी इतकी घासली गेली आहे की गंभीर अर्जात ती टाळलेली बरी. ‘अफ्लिक्शन’ म्हणजे वरून बसलेला तडाखा, विशेषतः शरीरावर किंवा मनावर दीर्घकाळ राहणारा. अपंगत्वाविषयी लिहिताना मात्र ‘अफ्लिक्टेड विथ’ हा प्रयोग आजच्या संपादकीय नियमावल्या टाळायला सांगतात, कारण तो त्या व्यक्तीला बळी ठरवतो.

आणि ‘ऑर्डील’. बहुतेक कोश याला अग्निपरीक्षा किंवा सत्त्वपरीक्षा म्हणतात, पण मराठीत त्याहून चपखल शब्द आहे: दिव्य. मध्ययुगीन युरोपात आरोपीला तापलेले लोखंड हातात धरायला लावत किंवा पाण्यात सोडत, आणि त्यातून त्याचा न्याय होई. मूळ शब्दाचा अर्थच निवाडा असा होता. १२१५ मध्ये रोममधील लॅटरन येथे भरलेल्या धर्मपरिषदेने धर्मगुरूंना या विधीत भाग घेण्यास मनाई केली आणि १२१९ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयांनी ती पद्धत सोडली. शब्द उरला, आणि आज तो कसाला लावणाऱ्या, पण ज्याला सुरुवात आणि शेवट आहे अशा अनुभवाला लागतो: ओलीस राहिलेले दिवस, बर्फात अडकलेली रात्र, न्यायालयातली उलटतपासणी. ‘दिव्यातून जाणे’ या मराठी प्रयोगातही हाच अर्थ आहे. दहा वर्षांच्या गरिबीला ऑर्डील म्हणवत नाही, कारण ती संपली की नाही हे सांगणारी रेघ तिला नसते.

‘प्लाइट’ हा शब्द बोलणारा कोण यावर अवलंबून असतो. स्थलांतरितांची, कैद्यांची, उपाशी जनावरांची प्लाइट असते. ती बाहेरून पाहणारा सांगतो, आणि ऐकणाऱ्याने काहीतरी करावे अशी त्यात विनंती असते. ‘दैना’ हा आपला शब्द त्याला जवळचा. स्वतःच्या अर्जात ‘माय प्लाइट’ लिहिले, की आपणच आपल्याकडे बोट दाखवून दया मागत असल्यासारखे वाटते. ‘डिस्ट्रेस’चे मूळ ताणण्याच्या, आवळण्याच्या अर्थात आहे, आणि ‘संकट’ या संस्कृत शब्दाचाही जुना अर्थ अरुंद, चिंचोळा असाच होता. ‘अडचण’ या मराठी शब्दात तो अजून जिवंत आहे. मात्र डिस्ट्रेसमध्ये तातडी असते. बुडणारे जहाज ‘डिस्ट्रेस सिग्नल’ पाठवते, कारण मदत आत्ता हवी असते.

‘बॅड लक’ मराठी बोलण्यात इतका मुरला आहे की आपण त्याचे व्याकरणही मराठीच समजतो. इंग्रजीत लक अगणनीय आहे. ‘इट वॉज अ बॅड लक’ हे चूक, ‘इट वॉज बॅड लक’ किंवा ‘अ पीस ऑफ बॅड लक’ बरोबर. ‘हार्ड लक’ ही हरलेल्या खेळाडूच्या पाठीवर ठेवलेली थाप असते, तर ‘टफ लक’मध्ये बहुधा ‘भोगा आता’ असा कोरडेपणा असतो. आणि ‘हार्ड-लक स्टोरी’ म्हणजे सहानुभूती किंवा पैसे मिळवण्यासाठी सांगितलेली रडकथा, जिच्यावर ऐकणाऱ्याचा पुरता विश्वास नाही. तेव्हा या शब्दांपैकी कोणताही अर्जात येऊ देऊ नये.

आता आपले वाक्य. वडिलांच्या मृत्यूला मी यांपैकी कोणताही शब्द लावणार नाही. तो मृत्यू आहे, त्याला मृत्यूच म्हणावे: ‘माय फादर डाइड व्हेन आय वॉज नाइन.’ त्यानंतरची वर्षे ही हार्डशिपची: ‘द इयर्स दॅट फॉलोड वेअर इयर्स ऑफ हार्डशिप.’ आईविषयी क्रियापद राबण्याचे हवे, सोसण्याचे नव्हे: ‘माय मदर टुक व्हॉटएव्हर वर्क शी कुड फाइंड.’ शाळा दोनदा सुटली आणि आपण दोनदा परत गेलात. तिथे ‘सेटबॅक’ चालेल, कारण त्या शब्दात मागे ढकलले गेलो तरी वाट तीच होती असा अर्थ असतो. पण त्याहून सरळ ‘आय हॅड टू लीव्ह स्कूल ट्वाइस, अँड बोथ टाइम्स आय वेंट बॅक’ हे मला अधिक आवडेल. ‘ॲडव्हर्सिटी’ हा शब्द मात्र स्वतःच्या अर्जात न घालता आपल्या शिक्षकांच्या शिफारसपत्रासाठी राखून ठेवावा. त्यात झुंजणाऱ्याची प्रशंसा अंगभूतच असते. ‘इन द फेस ऑफ ॲडव्हर्सिटी’ हे दुसऱ्याने आपल्याविषयी लिहिले तर ती साक्ष होते, आपणच लिहिले तर ती आत्मस्तुती होते. शिक्षकांनी मसुदा दाखवला आणि त्यात ‘मेनी ॲडव्हर्सिटीज’ असे असले, तर शेवटचा ‘ज’ काढून टाकण्याची आणि ‘मेनी’च्या जागी ‘ग्रेट’ घालण्याची विनंती त्यांना नम्रपणे करावी.